टोपीची आतली बाजू

दिवाळीच्या सुट्टीत माझी नात सई तिच्या बाबासाठी लोकरीची टोपी विणत होती. रविवारी तो थंडीच्या गावी नोकरीवर परत निघणार होता. शनिवारी तिने टोपी आतून पाहिली आणि रडवेली झाली. "आजी, मी सगळे टाके सुलट घातले. आत उलटे कुठून आले? उसवू का?"

मला हसू आलं. नवी नवरी असताना ह्याच शंकेने मी ह्यांचा अख्खा स्वेटर उसवला होता. मुलीला विणकाम येतं, असं माहेरच्यांनी ठोकून दिलेलं, मग विचारणार कुणाला? हे थंडीभर शालीत कुडकुडले.

"उसवू नकोस गं. सुलट टाका मागून उलटच दिसतो."

"मग त्याला सुलट का म्हणायचं?"

खरंच, का? इतकी वर्षं विणून मला हे कधी सुचलंच नव्हतं.

निघताना बाबाने टोपी नेमकी उलटी घातली. म्हणाला, "गुळगुळीत बाजू कानांना बरी वाटते." ती बाजू खरं तर बाहेरची, हे सईने त्याला सांगितलं नाही. मीही नाही.