साहेबांनी आधी खोल्यांचं सांगितलं

ओल्या चुन्याचा वास आला की मला बुऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेचं अंगण आठवतं. राज्यांची नवी जुळणी झाली होती आणि आमचं गाव मध्य प्रदेशातच राहिलं होतं. मराठी शाळा बंद होणार, मास्तरणींना कुठेतरी लांब पाठवणार, अशी आवई उठली होती. मी नोकरीत नवी होते, पण माझ्या शेजारच्या वर्गावरच्या बाई विधवा होत्या, त्यांचं घर त्या पगारावरच चालायचं. एका दुपारी शाळा तपासणारे साहेब आले. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीच्या सावलीत आम्हाला बसवून ते हिंदीत बोलू लागले, ते नव्या खोल्यांबद्दलच. मागच्या बाजूला दोन खोल्या, वर कौलं, मुलींसाठी वेगळं दार. "पगाराचं काहीच सांगत नाहीत," मी कुजबुजले. बाईंनी माझा हात घट्ट धरला. "अगं, बंद करायची शाळा कोणी वाढवतं का?" अखेर साहेब म्हणाले, "तनख्वाह पहले जैसी मिलेगी. कोई कहीं नहीं जाएगा." बाहेर पडल्यावर बाई घराकडे वळल्याच नाहीत. "गाव सोडावं लागणार म्हणून काल बकरी देऊन टाकली मी शेजारणीला," त्या म्हणाल्या, "चल, आधी ती आणू." पुढे त्या नव्या खोलीत मी कितीतरी वर्षं शिकवलं. आता साहेबांचा चेहराही आठवत नाही, पण दोर ओढत पुढे धावणारी ती बकरी आणि तिच्यामागे भर उन्हात हसत पळणाऱ्या बाई अजून स्पष्ट दिसतात.