इंजिनीअरची मुलगी

मी आठवीत असताना शेजारच्या घरात व्हीसीआर आला. शेजारचं घर माझ्या मैत्रिणीचं. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला होते, दोन वर्षांतून एकदा श्रीवर्धनला यायचे. त्या खेपेला त्यांनी व्हीसीआरबरोबर तीन कॅसेट्स आणल्या, एकाच सिनेमाचे तीन भाग. एक ग्रह मरायला टेकलेला असतो, तिथून माणसांनी भरलेलं एक प्रचंड अंतराळयान निघतं आणि पाणी असलेली दुसरी जागा शोधत फिरतं, अशी गोष्ट. आमच्याकडची जुनी माणसं मोठ्या गलबताला तारू म्हणायची. तेच नाव आम्ही त्या यानाला लावलं आणि सिनेमा झाला ‘तारवाचा पिक्चर’.

पिक्चर इंग्रजीत होता आणि खाली अरबी अक्षरं यायची. मैत्रिणीच्या थोरल्या भावाला ती अक्षरं वाचता यायची, अर्थ मात्र लागायचा नाही. इंग्रजीचं काम माझ्याकडे आलं, कारण माझे वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मास्तरांच्या मुलीला इंग्रजी येणारच, असं सगळ्यांनी धरलं. मीही नाही म्हटलं नाही. रविवारी दुपारची जेवणं झाली की आम्ही चौघं जमायचो: मी, मैत्रीण, तिचा भाऊ, आणि पलीकडच्या सुपारीच्या वाडीतला आमचा वर्गमित्र. मी टीव्हीच्या बाजूला बसून मराठीत सांगत जायचे, बाकीचे एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचे.

खरं सांगायचं तर मला दहातली चार वाक्यं कळायची. बाकीची मी चेहऱ्यांवरून लावायचे. माझं इंग्रजी पुस्तकातलं, आणि त्या पिक्चरमधली माणसं पुस्तकासारखी थांबून थांबून बोलत नव्हती.

तारवावर एक म्हातारा इंजिनीअर होता. यंत्रांच्या खोलीत एकटा असला की तो भिंतीला तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. पहिल्यांदा हे आलं तेव्हा मला एक शब्द लागला नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, “तो त्याच्या मुलीशी बोलतोय. ती मागे राहिली ना. तो म्हणतोय, मी येतोय, दाराला कडी लावू नको.”

कुणी शंका घेतली नाही. अब्बांची सुट्टी संपून ते परत गेले त्याला आठवडा झाला होता. मैत्रीण भावाला म्हणाली, “परत लाव ते.” त्याने कॅसेट मागे नेली. दुसऱ्या वेळी मी तेच शब्द सांगितले, जरा जास्त ठामपणे.

एकदा मुलगी आली म्हटल्यावर तिला सांभाळणं भाग होतं. दुसऱ्या भागात इंजिनीअरच्या समोर एक हिरवा दिवा लुकलुकायचा, तो मी मुलीचा निरोप करून टाकला. तिसऱ्या भागात तो बर्फाच्या ग्रहावर मरतो तेव्हा त्याच्या मुठीत पत्र्याचा एक तुकडा असतो. तो मुलीच्या डब्याचं झाकण झाला. ते ऐकून सुपारीवाला मित्र उठून मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

पुढे कॉलेजच्या हॉस्टेलवर तोच पिक्चर मी पुन्हा पाहिला. तोवर इंग्रजी पक्कं झालं होतं. म्हातारा पुटपुटत होता ते यंत्राच्या दाबाचे आकडे होते. भिंतीची थरथर हाताला जाणवली की तो नुसत्या अंदाजाने आकडे सांगायचा आणि ते बरोबर निघायचे, अशी त्याची ख्याती होती. मुलगीबिलगी कुठेच नव्हती. मी एकटीच हसले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

आज आम्ही चौघंही पन्नाशीला आलो आहोत. मैत्रिणीने फार्मसी केली, श्रीवर्धनला तिचं स्वतःचं मेडिकल आहे. तिचा भाऊ अब्बांच्या मागोमाग कुवेतला गेला, अजून तिथेच आहे. सुपारीवाला मित्र न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर उतरवण्याच्या कामावर देखरेख करतो. मी अलिबागला कॉलेजात शिकवते, आणि इंग्रजीच शिकवते. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, त्याचं नाव अर्थातच ‘तारू’.

गेल्या वर्षी बातमी आली की तो पिक्चर पुन्हा नव्याने काढलाय. पुढचा भाग नाही, तीच गोष्ट पहिल्यापासून, नवी माणसं घेऊन. ग्रुपवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. श्रीवर्धनला थिएटर नाही, म्हणून मैत्रीण नवऱ्याबरोबर पनवेलला जाऊन हिंदीतला बघून आली. मी माझ्या मुलीबरोबर गेले. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जुन्या पिक्चरमधलं यान तिला थर्माकोलचं वाटतं.

चार माणसांची चार मतं झाली. बंदरातला मित्र खूष होता. त्याने लिहिलं, “पहिल्यांदा कुणीतरी माल नीट बांधलेला दाखवला. जुन्यात डबे नुसते एकावर एक ठेवलेले. पहिल्या वळणाला सगळे खाली.” कुवेतच्या भावाने ट्रेलर बघूनच फुली मारली. जुन्या तारवाचा आवाज कसा पोटात घुमायचा, नवं तर फ्रीजसारखं चालतं, असं त्याचं म्हणणं. मला नवा पिक्चर आवडला. त्यात म्हाताऱ्याच्या जागी तिशीतली एक बाई इंजिनीअर आहे. ती कमी बोलते आणि तिचं काम तिला येतं हे दिसतं. एवढं मला पुरे होतं.

मैत्रिणीचा निरोप शेवटी आला. “म्हाताऱ्याच्या जागी बाई आणली, हरकत नाही. पण त्याची मुलगीच काढून टाकली? मग त्या पिक्चरमध्ये राहिलं काय?”

भावाने तिला दुजोरा दिला. बंदरवाल्यानेही लिहिलं, “हो, ते मलाही खटकलं.”

मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं आणि परत खोडलं. मनात म्हटलं, दोन दिवसांनी विषय थंडावेल.

तो थंडावला नाही. मैत्रिणीने त्या पिक्चरच्या आपल्याकडच्या चाहत्यांचं एक मोठं इंग्रजी पान इंटरनेटवर शोधून काढलं आणि तिथे आपली तक्रार लिहिली. तिथे आधीच रणधुमाळी चालली होती, अर्धे लोक नव्या पिक्चरला शिव्या घालत होते आणि अर्धे त्यांना. हिच्या तक्रारीवर मात्र दोन्ही बाजू एक झाल्या. कुठली मुलगी? जुना पिक्चर पाहिलाय का कधी? एकाने लिहिलं, “ताई, गोळ्या बदलून घ्या.” आणि ही बाई आयुष्यभर लोकांना गोळ्या देत आलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण तिने रात्रभर विचार केलाय हे कळत होतं.

“अगो, मी तिकडे एकटी पडलेय. तू लिही. तुझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं. सगळं तूच तर सांगितलं होतंस आम्हाला.”

“रविवारी येते,” मी म्हणाले.

“लिहायला इथे कशाला यायला हवं?”

“येते म्हटलं ना.”

रविवारी सकाळी मुलीने गाडी काढली. अगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली आणि दिघीला उतरेपर्यंत मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “आई, मावशी तिथे तुझ्या गोष्टीसाठी शिव्या खातेय.” हे मला माहीत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते वेगळं लागलं.

मेडिकल दुपारी बंद व्हायला आलं होतं. मैत्रीण काउंटरच्या आत होती, आम्हाला बघून तिने स्टुलं पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलण्यात तास गेला असता.

“त्या इंजिनीअरला मुलगी नव्हती,” मी म्हणाले. “मला तो काय बोलतो ते कळलं नव्हतं. मी मनानेच सांगितलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. “दुसऱ्या भागातला निरोप?”

“तोही मीच.”

“डब्याचं झाकण?”

“ते यंत्राचं काहीतरी होतं. नक्की काय ते अजून मला माहीत नाही.”

तेवढ्यात एक म्हातारे कोळी खोकल्याचं औषध घ्यायला आले. तिने त्यांना किती चमचे, जेवणाआधी की नंतर, सगळं दोनदा समजावलं. ते गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि म्हणाली, “वर चला.”

वर तिचं घर. चहा ठेवता ठेवता ती पाठमोरीच बोलली. “त्याच आठवड्यात मी अब्बांना पत्र घातलं होतं. लिहिलं होतं, तुम्ही येईपर्यंत मी दाराला कडी लावणार नाही. त्यांचं उलट पत्र आलं. बेटा, कडी लाव, चोर येतील.”

मी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तीच आधी हसली आणि मग आम्ही तिघीही हसत सुटलो. चहा उतू गेला. तिने ओटा पुसला, कप भरले आणि समोर येऊन बसली. आता ती हसत नव्हती.

“तेव्हा सांगितलंस त्याचा राग नाही. तेरा वर्षांची होतीस. पण कॉलेजात असताना तुला कळलं. त्यानंतर का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुमच्याकडे जास्त चांगला पिक्चर आहे. तो कशाला काढून घ्यायचा.”

“ते तू ठरवायचं नव्हतं.”

तिचं बरोबर होतं. मी तसं म्हणाले. तिने नानकटाईची बशी माझ्याकडे सरकवली, म्हणजे मला माफ केलं असं नाही, पण जेवायला थांबायचं आहे एवढं कळलं.

जेवणानंतर माझ्या मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि जुना पहिला भाग लावला, खाली हिंदी अक्षरं. मी या वेळी गप्प बसले. म्हाताऱ्याने भिंतीला हात टेकवला. खाली आलं: दाब चार, झडप उघडी, दाब सव्वाचार.

“एवढंच?” मैत्रिणीने विचारलं.

“एवढंच.”

तिने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग म्हणाली, “पण त्याचा चेहरा बघ. आकडे म्हणताना कुणी असा चेहरा करतं का? तू चुकलीस, पण फार नाही चुकलीस.”

हे सर्टिफिकेट मी आजवर मिळालेल्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या वर ठेवते.

संध्याकाळी तिने त्या पानावर स्वतःच लिहिलं, माझी मदत न घेता. मुलगी पिक्चरमध्ये नव्हती, आमच्या घरात होती, आम्हाला मराठीत सांगणाऱ्या मैत्रिणीने ती घातली होती, माझी चूक झाली. काही जण हसले. पण बऱ्याच लोकांनी आपापलं लिहिलं. कुणाच्या काकांनी लढाया गाळून गोष्ट सांगितली होती, कुणाच्या बहिणीने खलनायकाला जिवंत ठेवलं होतं. एकाने विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं? मैत्रिणीने त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्यातलं निम्मं मी कधीच सांगितलं नव्हतं.

ग्रुपवरही मी कबुली दिली. बंदरवाल्याने एवढंच लिहिलं की अंगणात जाऊन तो रडला होता, हे आता तरी कुणाला सांगू नका. कुवेतहून भावाचं उत्तर आलं, “मला माहीत होतं. इथे येऊन इंग्रजी शिकलो तेव्हाच कळलं. पण आपला पिक्चर तोच, म्हणून तर हिला दुजोरा दिला.” यावर मैत्रीण माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त चिडली. म्हणजे एवढी वर्षं तिला एकटीलाच माहीत नव्हतं. बंदरवाल्याने “मलाही माहीत नव्हतं” असं दोनदा लिहिलं, पण तिने लक्ष दिलं नाही. भावाशी ती आठवडाभर बोलली नाही. शेवटी त्याने नवा पिक्चर बघायचं कबूल केलं, तेव्हा समेट झाला. तो तिकडे बघून आला आणि त्याचं मत तसूभर बदललं नाही.

आम्ही मात्र पनवेलला सकाळच्या खेळाला पुन्हा गेलो. मी, माझी मुलगी, मैत्रीण आणि तिचा नवरा. बंदरवाला ड्युटी संपवून थेट आला. मैत्रिणीने या वेळी मुलगी शोधली नाही. ती बाई इंजिनीअर यंत्रासमोर नुसती उभी राहते, काही बोलत नाही, त्या जागी मैत्रीण खुर्चीत पुढे सरकून बसलेली मी पाहिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “मग?”

“ठीक आहे,” ती म्हणाली. “बाई चांगली आहे. पण मधला अर्धा तास फुकटचा. आणि शेवट मला पटलेला नाही.”

मला शेवट पटला होता. पाणी न सापडताच तारू पुढे निघतं आणि तिथेच पिक्चर संपतो. माझ्या मते सगळ्या पिक्चरमध्ये तोच सर्वांत हिमतीचा भाग आहे. जुन्याला तो जमला नव्हता, आणि माझ्या मराठी पिक्चरलाही जमला नव्हता. मी तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकेक मुद्दा खोडत गेली. ती माझ्या गाडीत बसली, तिचा नवरा मागून त्यांची गाडी घेऊन येत होता. पेणपर्यंत आम्ही दोघी वाद घालत होतो, माझी मुलगी मध्ये मध्ये दोघींनाही चुकीचं ठरवत होती. वडखळला आमचा रस्ता अलिबागकडे वळतो आणि तिचा सरळ पुढे जातो. तिथे गाड्या बाजूला घेतल्या. तिच्या नवऱ्याने शांतपणे खिडकीची काच खाली केली आणि वर्तमानपत्र उघडलं. आम्ही आणखी अर्धा तास तिथेच होतो, आणि ती अजूनही माझ्याशी सहमत नाही.