आधी कापडं काढ

"कापडं काढ! आधी कापडं काढ, मग बोल!"

डीजेचा दणदणाट फाडून ही आरोळी आली आणि चौकातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. डीजेवाल्याला वाटलं आपला स्पीकरच फाटला. त्यानं घाबरून बटण बंद केलं. चौकाच्या मधोमध पंचआप्पा उभे. धोतराचा सोगा एका हातात, डोक्यावर तांबडा फेटा, दुसऱ्या हाताचं बोट थेट डीजेच्या गाडीच्या टपावर रोखलेलं. टपावर भावी होता. आत्ताच एका उडीत वर चढून त्यानं माइक धरला होता आणि "आता थांबायचं नाही, घुसायचं आणि नकाशावरून पुसून टाकायचं!" असं तो ठणकावत होता.

"ऐकू न्हाई आलं व्हय रं? घुसायचंय नव्हं तुला? मग लंगोट लाव आन् ये खाली. कापडातलं तोंड लई मोठं असतंय!"

भावीचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत असेल असं मला वाटत नाही. गावात लागलेल्या प्रत्येक फ्लेक्सवर त्याच्या नावाआधी 'भावी' हा शब्द असतो. भावी सरपंच, भावी सभापती, मध्यंतरी एकदा भावी आमदार. झाला काहीच नाही, पण भावी मात्र कायम राहिला. न्हावऱ्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. तिथल्या विजेच्या खांबांवर तारांपेक्षा भावीचे फोटो जास्त आहेत. एकदा वादळात एक फ्लेक्स उडाला तो दौंडच्या हद्दीत जाऊन पडला आणि तिकडची माणसं महिनाभर त्याला आपला उमेदवार समजत होती. ही गोष्ट खरी आहे. मीच ती पसरवली.

तर त्या आठवड्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. टीव्हीवाले थंडगार खोलीत बसून भोंगे वाजवत होते. आमच्या पारावर, ज्यांना शिरूरच्या एसटीची वेळ कधी सांगता आली नाही, ते क्षेपणास्त्र किती मिनिटांत कुठं पडतं हे सांगत होते. तंबाखूच्या एका बारात दोन-दोन शहरं बेचिराख व्हायची. चुना लावायला हात थांबला तेवढाच काय तो युद्धविराम. आणि जिंकण्याआधीच भावीनं विजयाची मिरवणूक काढली होती.

चौकाला लागून कौसाबाईचं घर. तिचा दत्ता फौजेत, त्याच सीमेवर. चार दिवस त्याचा फोन नव्हता. बाई दारात बसून मोबाइल कानाला चिकटवून होती. वाजत नव्हता, तरी कानालाच. डीजेनं तिच्या घरावरचे पत्रे थरथरत होते. त्यात फोन वाजला असता तर तिला कळला कसा असता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आप्पांच्या आलं. दत्ता त्यांचा पठ्ठ्या होता.

आप्पांचा आवाज वाडवडिलांकडून आलेला. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे. या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची, मध्ये ओढा आला तर हाकेनं ओढा ओलांडायचा. आप्पांनी तोच आवाज आखाड्यात आणला. जत्रेतल्या कुस्त्यांना आमच्याकडे हगामा म्हणतात. शिरूर आणि दौंडकडच्या हगाम्यांत आप्पा पंच नाहीत असं माझ्या जन्मापासून झालं नव्हतं. त्यांना माइक लागत नसे. "कुस्ती निकाली!" असं ते एकदा ओरडले आणि दौंडच्या जंक्शनात थांबलेली मालगाडी शिट्टी समजून निघाली, असं म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. केंदूरच्या म्हशी त्या आवाजानं पान्हा चोरायच्या, हे मात्र तिथल्या गवळ्यानंच मला सांगितलं, आणि गवळी दुधाच्या बाबतीत खोटं बोलत नाही, पाण्याच्या बाबतीत बोलतो.

आप्पांच्या आखाड्यात दोन कायदे होते. पहिला: ज्याला आव्हान द्यायचंय त्यानं आधी सदरा उतरवायचा. कपडे घालून, हात वर करून मैदानात फिरणारा आला की आप्पा त्याच्याकडे पाठ करत. बाहेर बसून "घे रे त्याला, मोड त्याचा हात!" म्हणणाऱ्याला तर ते भर कुस्ती थांबवून आत बोलवायचे. "ये की. तूच मोड." एकदा त्यांनी इनाम लावणाऱ्या पुढाऱ्यालाच असं बोलावलं. तो पुढारी पुढं तीन वर्षं आमच्या जत्रेला आला नाही, आणि त्या तीन वर्षांत जत्रा फार छान झाली.

दुसरा कायदा त्यांच्या लेखी पहिल्यापेक्षा मोठा. पाठ लागली की कुस्ती संपली. त्यावर एक चापटसुद्धा नाही. जिंकलेल्यानं हरलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीवरची माती आपल्या हातानं झाडायची. माती झाडल्याशिवाय आप्पा जिंकलेल्याला फेटा बांधू देत नसत. एका गुर्मीतल्या पैलवानानं नुसतं झाडल्यासारखं केलं, तर आप्पांनी सगळ्या मैदानासमोर त्याला परत पाठवलं. "नीट झाड. त्याची आई बघतीया." पैलवानानं झाडली. हरलेल्याची आई कुठंच नव्हती, ती कधीच वारलेली होती. पण आप्पांच्या हिशेबी प्रत्येकाची आई कायम मैदानात असायची.

हेच दोन कायदे त्यांनी युद्धाला लावले, आणि तिथंच गावाचं आणि त्यांचं बिनसलं. आखाड्यात ज्याला न्याय म्हणायचे त्यालाच चौकात देशद्रोह म्हणायला लागले.

मिरवणुकीच्या आधीच आप्पांनी विषय काढला होता, तोही शांतता कमिटीत. सण आला की पोलीस गावोगावच्या कर्त्या माणसांना बोलावतात, चहा-बिस्किट देतात, मिरवणूक कुठून जाणार ते विचारतात, हीच ती कमिटी. आप्पा तिचे जुने सदस्य. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डीजेचा आवाज, मंडपाचे खांब असं सगळं झालं आणि फौजदार साहेब म्हणाले, "अजून कुणाचं काही?"

आप्पा उठले. "साहेब, शांतता कमिटी हाय ना ही?"

"हो, आप्पा."

"मग लिव्हून घ्या. या गावाला लढाई नको हाय."

बिस्किटं चहात विरघळून पडली. साहेब भला माणूस. हळूच म्हणाला, "आप्पा, ते आपल्या हद्दीत येत नाही."

"दत्ता तर आपल्याच हद्दीतला हाय."

साहेबांनी वही मिटली. भावी मात्र हसला आणि त्याचं बघून बाकीचे हसले. मीही हसलो असतो, पण आप्पांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड होता.

दत्ताला फौजेच्या भरतीसाठी पहाटे पळायला लावलं ते आप्पांनीच. त्यामुळे "म्हाताऱ्याला जवानांची किंमत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. दत्ता निघाला तेव्हा एसटीच्या दारात उभं राहून आप्पांनी त्याला सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. "नोकरीला चाललायस, मरायला न्हाई. कुणी मर म्हणलं तर इचार, तू बी येतूस का." कंडक्टरनं घंटी मारायची थांबवली होती.

चौकातल्या त्या आरोळीनं डीजे बंद झाला तो झालाच. भावीचा चेहरा पडला. भावी कापडं काढणार कशी, कांजी केलेला पांढरा शर्ट हेच तर त्याचं सगळं भांडवल. त्या रात्री आप्पांच्या भिंतीवर कुणीतरी चुन्यानं 'गद्दार' लिहिलं. आप्पांना वाचता येत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. "ऱ्हाऊ दे. भिंत माझी हाय, अक्षार त्यांचं."

मग जत्रा कमिटी बसली. भावी तिचा अध्यक्ष. ठरलं असं, की आप्पांनी माइकवर माफी मागायची, नाहीतर या वर्षी पंच दुसरा. निरोप घेऊन मला पाठवलं. आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. पंचाचा फेटा गेला तर या माणसाचं दुसरं काही उरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "आप्पा, दोन शब्द तर बोलायचेत. बोलून टाका."

ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "बघ. माती लागलीया का?"

"नाही, आप्पा."

"मग कशाची माफी?"

सीमेवरच्या तोफा जशा सुरू झाल्या तशाच थांबल्या. का सुरू झाल्या ते कुणी नीट सांगितलं नव्हतं, का थांबल्या तेही कुणी सांगितलं नाही. दोन्हीकडचे टीव्ही जिंकले. कौसाबाईचा फोन अखेर वाजला, तो इस्पितळातून. दत्ता जिवंत होता. उजवा पाय गुडघ्यापासून गेला होता.

त्याला गावात आणला तेव्हा वेशीपासून जीप, जीपवर फुलं, पुढं तोच डीजे. दत्ता पुढच्या सीटवर खाली मान घालून बसला होता आणि त्याच्या मागं उभा राहून, त्याच्या डोक्यावरून, भावी लोकांना हात करत होता. फ्लेक्सवर दत्ताचा फोटो रुपयाएवढा आणि भावीचा ताटाएवढा. मला विचाराल तर त्या दिवशी आमच्या गावाला लाज नावाची चीज कुठं मिळते हे विचारायला बाहेरगावी जावं लागलं असतं.

चैत्रात जत्रा झाली. नवा पंच, नवा माइक. आप्पा मैदानाच्या दोरीबाहेर, उन्हात, बोडक्या डोक्यानं बसले होते. दत्ताला व्यासपीठावर खुर्ची दिली होती, कुबड्या खुर्चीला टेकवलेल्या. कुस्त्या रंगात आल्या आणि भावीनं हलगी थांबवून माइक घेतला. दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "हा पाय बघा! एक पाय गेला म्हणून आपण घाबरणार नाही! पुन्हा वेळ आली तर पुन्हा घुसू! कोण आहे समोर? कोण आहे, या म्हणावं!"

टाळ्या पडल्या. आणि आप्पा उठले.

मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. दोरीखालून वाकून आत आले. सदरा काढला, नीट घडी घालून मातीवर ठेवला. धोतराचा काचा मारला. ऐंशीच्या घरातलं शरीर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्यांनी मूठभर माती कपाळाला लावली, मांडीवर शड्डू ठोकला आणि व्यासपीठाकडे बघून म्हणाले, "मी हाय समोर. मी पलीकडचा. ये."

अख्ख्या मैदानात एक पोर रडत होतं, तेवढाच आवाज.

"ये की. म्हातारा हाय, तुला सोपा हाय. आन् मी पडलो तर माती झाडायची, येवढंच."

भावी हसला. मग त्यानं कार्यकर्त्यांकडे बघून नुसती मान हलवली. दोघं-तिघं आत धावले आणि "चला आप्पा, चला" करत ओढायला लागले. ओढाओढीत आप्पांचा पाय घसरला. माझ्या देखत पंचआप्पांची पाठ मातीला लागली, आणि ज्यांनी पाडलं त्यांच्यातल्या एकानंही हात दिला नाही.

कुबड्यांचा आवाज आला. दत्ता व्यासपीठावरून उतरत होता. मदतीला गेलेल्याला त्यानं कोपरानं बाजूला सारलं. मैदानात आला, एक कुबडी टाकली, आप्पांना हात दिला. दोघं एकमेकांना धरून कसेबसे उभे राहिले. मग दत्तानं एका पायावर तोल सावरत आप्पांच्या पाठीवरची माती झाडली. सगळी. नीट. हलगीवाल्यानं हलगी उलटी करून जमिनीवर ठेवली, आणि त्या वर्षीचा हगामा तिथंच मोडला.

त्यानंतर आप्पांनी आवाज काढलाच नाही. घरात पाणी मागायचं तरी हातानं. बाजरीची काढणी संपता संपता ते गेले.

नदीच्या घाटावर दहावा झाला. आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतातच. पिंडाला कावळा शिवेना, तोवर भावी बोलून घेत होता. "आप्पा म्हणजे शांततेचे दूत! त्यांच्या विचारांवर चालायचं आहे!" मागं फ्लेक्स: आप्पांचा फोटो, वर भावीचा. फोटोत आप्पांना तांबडा फेटा बांधलेला होता, जो त्यांच्या डोक्यावरून याच माणसानं उतरवला.

भाषण झालं, कावळा शिवला, माणसं पांगली. भावी गाडीचं दार उघडत होता. दत्ता तिथंच कुबड्यांवर उभा होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, एक विचारतो. त्या दिवशी आप्पांनी मैदानात बोलावलं. उतरला का नाहीत?"

भावीनं मोबाइलवरून मान वर केली, दत्ताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गुडघा दुखतो ना माझा, तात्या."