चित्रकलेच्या सरांचा तास

आमच्या शाळेत कलेच्या प्रसाराला सगळ्यात मोठा अडथळा कोणता असेल, तर तो म्हणजे आमचे चित्रकलेचे सर. हे मी गणिताची बाई म्हणून आकसाने सांगत नाही. उभ्या नाशकात कोणालाही विचारा. सर निफाडहून एसटीने येतात आणि त्यांना चित्र एकच येतं, द्राक्षाचा घड. गणपती काढायला घेतला तरी त्याच्या पोटाचा घड होतो. गळा तर असा, की प्रार्थनेला हात जोडलेले असतात म्हणून बरं, नाहीतर पोरांनी ते कानांवरच ठेवले असते. पण हौस केवढी! पिशवीत एक वेळ डबा नसेल, खंजिरी असायचीच. "मॅडम, कला काय स्नेहसंमेलनापुरती असते का? रोजच्या वरणभातात पाहिजे ती!" असं म्हणत त्यांनी माझ्याच वर्गाला पाढे पोवाड्याच्या चालीत शिकवले. तोंडी परीक्षेला एक कार्टं "सात आठे छप्पन्न" म्हणालं आणि "जी जी रं जी" पुरं केल्याशिवाय काही खाली बसेना. कपाळावर हात मारला मी.

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, वैतागून त्यांना शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा एक तास कलेसाठी देऊन टाकला. अट एकच. घंटा झाली की आवरायचं. पुढच्या तासाला धक्का लागला तर तास बंद. सरांनी नोकरीत दुसरं काही म्हणून मागितलं नव्हतं, त्यामुळे ते नव्या नवरदेवासारखे मिरवत होते. पहिले काही शुक्रवार बरे गेले. मग त्यांनी वणीकडचे एक म्हातारे गोंधळी आणले. शहाण्या माणसाने नुसता संबळ वाजवून दाखवायला सांगितलं असतं. हे म्हणाले, "नमुना नको बाबा, पोरांना खरा गोंधळ बघू द्या." झालं! बाबांनी चौक मांडला, दिवटी पेटवली आणि एकेका देवाला नाव घेऊन बोलवायला सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा निम्मे देव यायचे बाकी होते. पुढचा तास माझा, चाचणीचे पेपर घेऊन मी दारात. मोठ्या बाई तरातरा आल्या. बाबा वाजवता वाजवताच म्हणाले, "बाई, मांडलेला गोंधळ मधी सोडता येत नाय. आरती झाल्याबिगर नाय." सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पाय मात्र ठेका धरून होता. मोठ्या बाईंनी निमूट चपला काढल्या, आरती घेतली, प्रसाद खाल्ला, आणि सोमवारी सरांचा तास काढून मला दिला.

पोर्शन उरकायला मला तो हवाच होता. पण खोटं कशाला बोलू, तेव्हापासून शाळेत करमत नाही. सर मुकाट्याने येतात, मुकाट्याने घड काढतात. गेल्या शुक्रवारी मात्र सुट्टी संपली आणि ते सवयीने वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, हातात खंजिरी. फळ्यावरचं माझं गणित बघितलं आणि ओशाळले. "चालू द्या, चालू द्या," म्हणत वळले. मला राहवलं नाही.

"सर, या आत."

"अहो मॅडम, तुमचं गणित अर्धं राहिलंय."

"राहू द्या," मी खडू खाली ठेवला. "गणित मध्येच सोडलेलं चालतं."