गिटारच्या डोक्यावरचं नाव

अण्णांना ओरखडा बघवायचा नाही. स्वतःच्या वस्तूवरचा तर नाहीच, पण परक्याच्या वस्तूवरचाही नाही. हुमनाबादच्या बसस्टँडवर कुणाच्याही मोटरसायकलची टाकी ते खिशातल्या फडक्याने पुसायला लागत, आणि मालक चोर समजून धावत आला की उलट त्यालाच सुनावत, की बाबा, गाडी आहे का म्हैस, आंघोळ घालतोस की नाही कधी. धंदा फर्निचर पॉलिशचा आणि संध्याकाळी आमच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार. केस काळेभोर रंगवलेले, शर्टाची इस्त्री कडक. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा गडबडीत एकदा तसं म्हणून गेली होती, आणि ते तिने आयुष्यभर ऐकलं.

रागावले की ते कानडीत बोलत, लाडात आले की दखनीत, आणि उपदेश मात्र मराठीत करत. त्यांचा आवडता उपदेश एकच होता. “माणसाचं तोंड आन् वस्तूचं तोंड, धुऊनच चारचौघांत काढावं.” मी पार्टीत कोरसला होते. तेलकट केसांनी स्टेजवर आले तर मलाही हेच ऐकावं लागे. हौशी माणूस होता, आणि हौशी माणसात असतो तेवढा गर्वही त्यांच्यात होता. मला ते फार आवडायचे.

गिटार मात्र त्यांची नव्हती. ती मिलिंदची, आमच्या मागच्या गल्लीतल्या शांतामावशीच्या एकुलत्या मुलाची. पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याने ती घेतली होती. सुट्टीत आला की पार्टीत वाजवायचा. एका सुट्टीत येतानाच हायवेवर लॉरीखाली गेला. पुढे मावशीने ती गिटार पार्टीला दिली.

आमच्याकडे वस्तू दिली की तिच्यावर गेलेल्या माणसाचं नाव घालतात. विहारातल्या खुर्च्या, कपाट, सगळं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ आहे. पंख्याच्या पात्यांवरही नावं आहेत. पंखा सुरू झाला की ती वाचता येत नाहीत, तरी घालतात. मावशीनेही पेंटरला बोलावून गिटारच्या डोक्यावर, म्हणजे तारा पिळायच्या किल्ल्या असतात त्या वरच्या फळीवर, पांढऱ्या ऑईलपेंटने लिहून घेतलं होतं, ‘कालकथित मिलिंद’. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आम्ही बौद्ध लोक कालकथित लिहितो. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा, जागा चिमूटभर. शेवटचा ‘द’ एका किल्लीखाली जाऊन दडला. मावशीला वाचता यायचं नाही, तरी प्रत्येक कार्यक्रमाआधी ती स्टेजजवळ यायची, ते नाव पदराने पुसायची आणि मग पुढे जाऊन बसायची. तोवर आम्ही माईक चालू करत नसू.

अण्णांच्या डोळ्यांत ती अक्षरं खुपायची. गिटार आहे की किराणा दुकान, असं ते माझ्यापाशी पुटपुटत, पण मावशीसमोर कधी बोलले नाहीत. मग भालकीकडच्या एका लग्नात आमचा कार्यक्रम झाला. निवेदक आमच्यातला नव्हता. एकेकाची ओळख करून देताना त्याने गिटारवरचं नाव वाचलं आणि माईकवर खड्या आवाजात सांगितलं, की गिटारवर साथ करत आहेत कालकथित मिलिंद. आमचे लोक हसून लोळले. अण्णांनी उठून नमस्कार केला आणि खाली बसले. परत येताना टेम्पोत आम्ही सगळे हसत होतो, ते नव्हते. नंतर गल्लीतली पोरंही त्यांना कालकथित म्हणून चिडवायला लागली. त्यातच मोबाईलवर टाकायला पार्टीच्या गाण्याचा व्हिडिओ काढायचं ठरलं, आणि अण्णांनी मनाशी काय ते पक्कं केलं.

“मावशीला कुठं वाचता येतंय,” ते मला म्हणाले. “नाव हाय का न्हाई, तिला काय कळायलंय? चमकायलंय म्हणल्यावर खूश होईल.”

त्यांच्या अंगणातच ते काम झालं. मी निवडायला शेंगा घेऊन तिथे बसले होते. त्यांनी तारा उतरवल्या, किल्ल्यांचे बारीक स्क्रू काडेपेटीत ठेवले, खालच्या दांड्याला कागद गुंडाळून चिकटपट्टी लावली. थिनरच्या फडक्याने पांढरा रंग भराभर निघाला. पण खाली लाकडातच नाव उमटलेलं होतं. इतकी वर्षं रंगाखाली झाकलेलं लाकूड फिकट राहिलं होतं आणि भोवतालचं उन्हाने, हाताने काळवंडलं होतं. कालकथित मिलिंद, किल्लीखालच्या ‘द’सकट. अण्णांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी शेंगांकडे बघितलं. मग त्यांनी जाड पॉलिश पेपर घेतला आणि लाकूडच खरवडून काढलं.

पुढचं काम त्यांच्या हातचं होतं. आधी जाड पेपर, मग मऊ, मग काळपट तांबडा रंग, आणि त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात, कापसाच्या बोळ्याने, एक वाळला की दुसरा. मधेमधे अगदी बारीक पेपर हळूच फिरवायचा. पावसाळ्यात हे पॉलिश पांढुरकं पडतं, पण तेव्हा कडक ऊन होतं. शेवटी त्या फळीत तोंड दिसायला लागलं. मी चांगलं झालंय म्हणाले, कारण चांगलं झालंच होतं.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला मावशी आली. पदर हातात धरून गिटारपाशी थांबली. बोटांनी ती फळी चाचपली. अण्णा मान खाली घालून तारा पिळत राहिले.

“ही दुसरी हाय का रं, अण्णा?” तिने विचारलं. “मिलिंदची कुठं हाय?”

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. अण्णा म्हणाले, “व्हय मावशी, दुसरीच हाय. त्याची घरी ठेवलीय.”

“मग ती मला आणून दे. माझ्या घरात ऱ्हाऊ दे.”

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी अण्णांनी ओळखीच्या गाण्यातही चुका केल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचं ते पॉलिश स्वतःच उतरवलं. लाकडातलं नाव आता कुठेच नव्हतं. त्याच पेंटरला शोधून आणलं, तर एवढ्या वर्षांत त्याचा हात सुधारलेला. त्याने नाव सुरेख, नेमक्या जागेत बसवलं. अण्णा त्याच्या विनवण्या करत होते, की बाबा, वाईट लिही, ‘द’ किल्लीखाली घाल. ओरखडा न बघवणाऱ्या माणसाने मग त्या अक्षरांवर नखाने ओरखडे काढले, चहाचं पाणी चोळलं. मला ते बघवेना. हसू येत होतं, आणि हसायची लाज वाटत होती.

मावशीकडे मीही बरोबर गेले. तिने गिटार मांडीवर घेतली, नाव पुसलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

“त्या दिवशीच वळखली होती मी,” ती म्हणाली. “गिटारच्या भोकापाशी मिलिंदच्या नखानं पडलेला खड्डा हाय. तू खाली बघायलास म्हणून म्हणले, दुसरी हाय का.” तिने पदर सावरला. “माझ्या लेकाचं नाव तुला जड व्हायलं होतं, तर सांगायचं. मीच घेऊन आले असते.”

तिने आवाज चढवला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं. ते उठले. मीही उठले.

त्यानंतर अण्णांनी गिटार हातात घेतली नाही. पार्टीत मागे बसून खंजिरी वाजवत. मावशीची गल्ली टाळायला हायवेला वळसा घालून आपल्या पॉलिशच्या दुकानात जात. मावशी मात्र माझ्याकडे निरोप द्यायची, तारा गंजायल्यात, अण्णाला नव्या बसवाय सांग. मी सांगायची. “येतो की,” असं म्हणून ते हातातली वस्तू पुसायला लागत. गेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. बीदरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अण्णांच्या दिवसकार्याला, म्हणजे आमच्याकडच्या जलदान विधीला, मावशी काठी टेकत आली आणि माझ्याशेजारी बसली.

“तारा बसवाय कितींदा बोलावलं,” ती म्हणाली. “आला न्हाई. माझा राग तवाच गेला होता गं. तू सांगितलं न्हाईस का त्याला?”

मी तारांचं सांगितलं होतं. राग गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं. तिचे सगळे निरोप मी दारातूनच घेत आले होते. ती दर वेळी आत ये म्हणायची, आणि मी चुलीवर दूध ठेवून आलेय असं खोटंच सांगून परत फिरायची.