शीतपेटी घेऊन वसईला

पुण्याहून वसईची बस धरली तेव्हा पिशवीत माझ्याच पत्रकांचा गठ्ठा होता. आमची कंपनी मासळी बर्फात ठेवायचे मोठे डबे विकते. मी तिथे 'सेल्स एनेबलमेंट'मध्ये आहे, म्हणजे विकणाऱ्यांना लागणारी पत्रकं, माहिती, प्रशिक्षण तयार करून देते. आईला हे काम अजून पटलेलं नाही. वसईत डबे बरे खपत होते, पण माझं पत्रक तिथे कुणी बाहेरच काढत नव्हतं. विचारलं की फोनवर एकच उत्तर यायचं, "मस्त आहे मॅडम." हे असंच चाललं तर किनारपट्टीचं काम माझ्याकडून जाणार होतं, आणि ते मला मनापासून आवडायचं. नेमकं बिनसलंय कुठे, हे बघायलाच मी निघाले होते.

माणिकपूरला रिक्षास्टँडजवळ आमचा इथला विक्रेता विल्सन भेटला. "आधी खाऊन घ्या," म्हणत त्याने घरून आणलेले फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) पुढे केले. मऊ, किंचित गोड. खाता खाता मी पत्रकाचा विषय काढला.

"मस्त आहे ना," म्हणून त्याने हेल्मेट चढवलं.

स्कूटरवरून पाचूबंदरकडे निघालो. केळीच्या वाड्या, नाक्यावरचे क्रूस, मधूनच एखादा नवाकोरा टॉवर. मी सारखी मान वळवत होते. विल्सन मात्र वाटेत भेटेल त्याला हात करत होता.

जेट्टीवर म्हावऱ्याचा (मासळीचा) लिलाव नुकताच उरकत आला होता. विल्सन तिथल्या जुन्या गिऱ्हाईक फिलोमिनामावशींची टोपली उचलू लागला. तेवढ्यात मी उत्साहाने मावशींच्या हातात पत्रक ठेवलं. वर ठळक अक्षरांत मथळा होता: 'आता तुमच्या दारात शीतपेटी!'

मावशींनी वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"आमच्याकडं कोन मेलाय गो?"

मला काही कळेना. शेजारच्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"धंद्याच्या टायमाला मरनाचं काय आनलंस? नको तुमचा डबा!"

विल्सन टोपली टाकून धावत आला. "मावशी, कोणी नाय मेलं! म्हावऱ्याचाच डबा आहे!" बरीच मनधरणी झाली, तेव्हा कुठे मावशी हसल्या.

परतताना त्याने एका चौकात स्कूटर थांबवली. समोर फलक होता: 'शीतशवपेटी मोफत मिळेल.' इथे शीतपेटी म्हणजे मृतदेह ठेवायची पेटी! मी कपाळावर हात मारला.

"मला आधीच का नाही सांगितलंत?"

"आधीच्या सरांना एकदा चूक दाखवली, तर मेल आला, 'ॲटिट्यूड सुधारा.' तेव्हापासून आपलं सगळं मस्त."

मला वाईट वाटलं. त्याचा रागही आला, पण तो टिकेना. "मला मस्त नको. खरं सांगा," मी म्हटलं.

"बघू मॅडम."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये नवा मथळा सुचला. 'उद्याही ताजं म्हावरं!' विल्सनला पाठवला आणि फोनकडे बघत बसले. आता पुन्हा 'मस्त' आलं असतं, तर सगळी खेप फुकट गेली असती. घाट चढेपर्यंत उत्तर नव्हतं. मग त्याचा आवाजी संदेश आला.

"मॅडम, एकदम बेकार. उद्यापर्यंत ठेवलेलं म्हावरं म्हणजे शिळं! मावशी तुम्हाला जेट्टीवरून ढकलून देईल. डोकं लावा जरा."

मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काही चांगली बातमी?"

"हो," मी म्हटलं. "ऑफिसातल्या एकाने मला बेकार म्हटलंय."