होल्ड ऑन म्हणजे धरून ठेव नव्हे

माझी मावशी इस्पितळात ऑपरेशनची उपकरणं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची. शिक्षण सातवी. यंत्र नवं आलं तेव्हा कंपनीचा परदेशी तंत्रज्ञ फोनवरून सूचना द्यायचा. एकदा तो म्हणाला, "होल्ड ऑन." मावशीने यंत्राचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, तो दहा मिनिटं सोडलाच नाही. तंत्रज्ञ बिचारा नुसतं 'थांबा' म्हणत होता.

परिचारिका पोट धरधरून हसल्या. मावशीही हसली, पण घरी आल्यावर मला म्हणाली, "होल्ड कळलं, ऑन कळलं. दोन्ही मिळून तिसरंच कसं झालं गं?"

"याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. पाठ करायचे," एवढंच मला सांगता आलं.

ते तिला पटलं नाही. तिने एक वही सुरू केली. तीत ती अख्खं वाक्य उतरवायची, शिवाय कोण बोललं, कशाबद्दल बोललं. 'टेक ऑफ'खाली हातमोजे काढणंही होतं आणि विमान उडणंही.

दोनेक वर्षांनी एका सकाळी यंत्रावर, आदल्या रात्री येऊन गेलेल्या कंपनीच्या तंत्रज्ञाची चिठ्ठी दिसली : 'डोअर सील मे गिव्ह आऊट.'

नवी परिचारिका म्हणाली, "गिव्ह आऊट म्हणजे बाहेर देणं. थोडी वाफ बाहेर येईल, एवढंच. लावा मावशी, ऑपरेशन खोळंबलंय."

मावशीने बटणाला हात लावला नाही. "कागद वाटतात तेव्हा ते देणं. दाराचं रबर काय वाटणार? म्हातारपणी गुडघे गिव्ह आऊट होतात, तसलं आहे हे. रबर दगा देईल म्हणतोय तो."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. मी ऐकून घेईन."

डॉक्टर ओरडलेच. उपकरणं जुन्या यंत्रात गेली, तासभर उशीर झाला. दुपारी तपासणी झाली, तर रबर बोटभर चिरलेलं. दाब चढला असता तर दारासमोरचं माणूस भाजून निघालं असतं. डॉक्टर स्वतः खाली आले. "मावशी, चुकलो. या नव्या मुलींना शिकवाल का?"

मग दर मंगळवारी चादरींच्या खोलीत तिचा वर्ग भरू लागला. एकीने विचारलं, "एका शब्दाचे इतके अर्थ लक्षात कसे ठेवायचे?"

"आपला घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. कुणी खुर्ची मागतं का? शब्दाच्या शेजारी कोण आहे, ते बघायचं."

त्या दिवशी मीही तिच्यासोबत गेले होते, मागे बसून ऐकत होते. इंग्रजीची पदवी घेऊन बाहेर पडले होते, तरी गुपचूप पेन काढलं.